गाठीची पारख

वाचकहो, मराठीत 'गाठ' हा शब्द मोठा प्रपंची आहे. लग्नाची गाठ, पदराची गाठ, माणसामाणसांची गाठभेट, मनाशी बांधलेली खूणगाठ, अशा चार चांगल्या गोष्टींशी तो जोडलेला आहे. पण हीच गाठ आंघोळीच्या वेळी छातीशी हाताला लागली, की बाईच्या तोंडचे पाणी पळते. मग पुष्कळ घरांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर ती बाई कोणाजवळ काही बोलत नाही. 'दुखत तर नाही ना, मग राहू दे' म्हणून दिवस ढकलते. नाही तर घरातली सगळी माणसे एकदम शेवटचाच विचार करू लागतात. या दोन्ही वागण्यांच्या मुळाशी समजूत एकच असते, ती ही की, गाठ म्हणजे काय हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. वास्तविक ते कोणालाच आधी ठाऊक नसते. ते शोधून काढावे लागते. आणि ते कसे शोधावे, हे शिकायला माणसाला काही हजार वर्षे लागली. त्या शिकण्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

या विषयावरची अगदी जुनी नोंद इजिप्तची आहे. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली लक्सर येथे पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. जेम्स ब्रेस्टेड या पंडिताने १९३० साली तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ही प्रत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची, आणि तिच्यातला मजकूर त्याहूनही जुना, असे अभ्यासक मानतात. तिच्यात ४८ रुग्णांच्या हकिकती आहेत. त्यांतली पंचेचाळिसावी छातीवरच्या फुगीर गाठींची आहे. वैद्याला सांगितले आहे, की गाठीवर हात ठेवून पाहा. ती थंड लागते काय? तिच्यात पाणी जाणवते काय? गाठ थंड आणि टणक असेल, तर त्या लेखकाचा निर्णय स्पष्ट आहे, की यावर उपचार नाही. लगेच पुढची हकीकत गळवाची आहे, आणि तिथे मात्र उपचार दिलेला आहे. म्हणजे पाहा, गाठीगाठीत फरक असतो, आणि उपचाराच्या आधी तो ओळखावा लागतो, एवढे त्या प्राचीन वैद्याला कळले होते.

आपल्याकडेही हाच विचार दिसतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात एका अध्यायात स्तनरोगांची चर्चा आहे, आणि त्याच्या पुढच्याच अध्यायात ग्रंथी आणि अर्बुद यांची. अर्बुदाचे वर्णन करताना ते गोल असते, जागचे हलत नाही, फारसे दुखत नाही, त्याचे मूळ मोठे असते, ते सावकाश वाढते आणि पिकत नाही, असे सांगितले आहे. यातले दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत: फारसे दुखत नाही, आणि पिकत नाही. जी गाठ ठणकते, लाल होते, पिकते, ती माणसाला वैद्याकडे पळवते. जी मुकाट्याने वाढते तिच्याकडे दुर्लक्ष होते. आजही मुकी गाठच पुष्कळदा घात करते.

ग्रीक वैद्यांनी अशा दुखण्याला खेकड्याचे नाव दिले. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याने स्तनाच्या अर्बुदाभोवती ताणलेल्या शिरांना खेकड्याच्या पायांची उपमा दिली. आपला 'कर्करोग' हा शब्द त्याच खेकड्यावरून आलेला आहे. परंतु इजिप्तचा वैद्य काय, सुश्रुत काय, गेलन काय, सगळ्यांची साधने दोनच: डोळा आणि हात. आणि कितीही सराईत हात झाला, तरी तो गाठीच्या बाहेरूनच फिरतो. आत काय आहे, ते त्याला अंदाजानेच सांगावे लागते.

या अंदाजाची किंमत काय होती, ते १८११ साली घडलेल्या दोन गोष्टींवरून कळते.

पहिली पॅरिसमधली. फॅनी बर्नी ही नावाजलेली इंग्रज कादंबरीकार त्या वेळी आपल्या फ्रेंच नवऱ्याबरोबर तेथे राहत होती. वय ५९. उजव्या स्तनात गाठ होती आणि ती दुखत होती. नेपोलियनच्या सैन्याचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य लारे याने शस्त्रक्रिया ठरवली. ३० सप्टेंबर १८११ रोजी काळ्या पोषाखातली सात माणसे तिच्या खोलीत शिरली. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हतीच. थोडेसे मद्य पोटात आणि तोंडावर एक तलम रुमाल, एवढ्यावर तिचा स्तन कापून काढण्यात आला. रुमाल इतका पातळ, की चकाकणारे पाते तिला दिसत होते. पुढे कित्येक महिन्यांनी तिने ही सारी हकीकत आपल्या बहिणीला पत्राने कळवली. ते पत्र पुरे करायला तिला महिने लागले आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचा धीर तिला झाला नाही. मात्र ती वाचली, आणि त्यानंतर २८ वर्षे जगून १८४० साली वयाच्या ८७ व्या वर्षी वारली.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन ॲडम्स यांची मुलगी ॲबिगेल हिच्यावर तशीच शस्त्रक्रिया झाली. तिचे आईवडील त्याच घरात होते. शस्त्रवैद्य नामांकित, हात तितकाच कुशल. पण रोग परत आला, आणि ऑगस्ट १८१३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, ती वडिलांच्या घरीच वारली.

दोघींच्या यातना सारख्या. एक २८ वर्षे जगली, दुसरी दोन वर्षेही पुरी जगली नाही. असे का झाले? ॲबिगेलचा कर्करोग आधीच पसरला होता, हे उघड आहे. पण फॅनीचे काय? तिची गाठ खरोखरच कर्करोगाची होती आणि शस्त्रक्रियेने ती बचावली? की ती गाठ मुळात निरुपद्रवी होती आणि त्या बाईने ते मरण उगाच सोसले? वैद्यांनी ती कर्करोगाचीच ठरवली होती. पण ठरवली होती हातांनी. त्या प्रश्नाचे पक्के उत्तर आज कोणालाच देता येणार नाही. गाठीची पारख न करता केलेल्या उपचाराची हीच मोठी खोट असते. बरे झालेल्यालाही आपण कशातून बरे झालो हे कळत नाही, आणि पुढच्या रोग्यासाठी त्यातून काही शिकताही येत नाही.

या अंधारात पहिला व्यवस्थित दिवा लावला तो लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील सर ॲस्टली कूपर यांनी. १८२९ साली त्यांनी स्तनाच्या रोगांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे महत्त्व असे, की कर्करोग नसलेल्या गाठींचा त्यांनी नीट मांडून विचार केला. पाण्याने भरलेल्या पिशव्या वेगळ्या, तरुण बायकांत आढळणाऱ्या हलत्या, घट्ट, गुळगुळीत गाठी वेगळ्या, आणि कर्करोग वेगळा. त्या हलत्या गाठींना आज फायब्रोॲडेनोमा म्हणतात. बोटाखाली त्या अशा निसटतात, की बोलीभाषेत कोणी त्यांना उंदराची उपमा देतात. कूपर यांनी आणखी एका प्रकारचे वर्णन केले: गंडमाळेच्या जातीची स्तनाची सूज. गंडमाळ म्हणजे क्षयच. आपल्या देशातून क्षय अजून गेलेला नाही, त्यामुळे स्तनाचा क्षयही येथे अधूनमधून दिसतो आणि तो हुबेहूब कर्करोगाचे सोंग घेऊ शकतो. आता विचार करा: एका रोगावर औषधाच्या गोळ्या आणि दुसऱ्यावर शस्त्र. वरून पाहून दोन्ही सारखे. पारख चुकली तर काय होईल?

हाताने जे कळत नव्हते ते सूक्ष्मदर्शकाने कळू लागले. बर्लिनचे योहानेस म्युलर यांनी १८३८ साली दाखवून दिले, की अर्बुदेही पेशींचीच बनलेली असतात. त्यांचे शिष्य रुडॉल्फ विर्खो यांनी १८५८ साली रोगाचे मूळ पेशीत शोधावे हा सिद्धांत मांडला. जुन्या शस्त्रवैद्यांना हे सहजी पटले नाही बरे का! पॅरिसचे व्हेल्पो हे त्या काळचे स्तनरोगांचे मोठे जाणकार. चार दशकांच्या अनुभवी हातापेक्षा काचेखालचे ठिपके अधिक खरे कसे, असा त्यांचा सवाल होता. सवाल अगदीच चुकीचा नव्हता, कारण तेव्हाची सूक्ष्मदर्शके आणि पेशी रंगवण्याच्या रीती कच्च्याच होत्या. पण काळ काचेच्या बाजूने होता.

दरम्यान १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी झाली. १८६७ साली लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत जगापुढे मांडली. आता रोगी ओरडत नव्हता आणि जखम सडत नव्हती. शस्त्रवैद्याला वेळ मिळाला, आणि त्याचे पाते खोल जाऊ लागले. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८२ पासून एक मोठी शस्त्रक्रिया करण्यास सुरुवात केली. सबंध स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळे एकत्र काढावयाचे. पन्नास रुग्णांचा वृत्तांत त्यांनी १८९४ साली प्रसिद्ध केला. त्या जागी रोग पुन्हा उगवण्याचे प्रमाण पुष्कळ घटले होते. त्या काळी गाठी फार उशिरा आणि फार मोठ्या होऊन येत, हे लक्षात घेतले म्हणजे हॉल्स्टेड यांना दोष देता येत नाही. पण ही शस्त्रक्रिया पुढे जवळजवळ पाऊण शतक जगभर चालू राहिली. तिच्यानंतर छाती खोलगट होई, हात सुजे, खांदा आखडे.

शस्त्रक्रिया जितकी मोठी, तितकी तिच्यापूर्वीची पारख पक्की हवी. १९०५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी यावर एक तोड काढली. रोगी टेबलावर असतानाच गाठीचा तुकडा काढावयाचा, तो गोठवून त्याचा पातळ काप घ्यावयाचा, निळ्या रंगाने रंगवून काही मिनिटांत काचेखाली पाहावयाचा. मिनेसोटातल्या कडाक्याच्या हिवाळ्यात खिडकीबाहेर धरून तुकडा गोठवला, अशी त्याच्या आरंभाची गोष्ट सांगतात. विद्या म्हणून ही प्रगती मोठीच होती.

पण या प्रगतीला एक विपरीत फळ आले. मिनिटांत उत्तर मिळते म्हटल्यावर एकच रिवाज पडला. गाठ घेऊन आलेल्या बाईची दोन्ही गोष्टींसाठी आधीच सही घ्यावयाची, तिला भूल द्यावयाची, तुकडा तपासावयाचा, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकावयाचा. म्हणजे डोळे मिटताना त्या बाईला ठाऊक नसे, की जागे झाल्यावर आपला स्तन जागेवर असेल की नसेल. शुद्धीवर येताच ती पट्टीवरून हात फिरवून पाही, आणि त्यावरून तिला आपला रोग कळे. असे कित्येक दशके चालले. १९७४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या नेहमीच्या तपासणीत गाठ सापडली, तेव्हा त्यांचीही शस्त्रक्रिया याच रीतीने झाली. मात्र त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. देशाच्या पहिल्या स्त्रीने वर्तमानपत्रांतून ती उघड होऊ दिली, आणि हजारो बायका तपासणीसाठी पुढे आल्या.

त्याच वर्षी रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईला आपल्या स्तनात गाठ लागली. तिने हट्ट धरला, की आधी फक्त तुकडा तपासा. काय आहे ते मला सांगा. मग पुढचे मी ठरवीन. एवढी साधी मागणी मान्य करणारा शस्त्रवैद्य मिळवायला तिला खटपट करावी लागली. १९७५ साली तिने यावर पुस्तक लिहिले आणि हा विषय लावून धरला. अखेर जून १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञपरिषदेने निर्णय दिला, की निदान आणि उपचार या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात. त्या परिषदेत स्वतः कुशनरबाईही बसल्या होत्या. काही दिवसांच्या अंतराने रोग्याचे बिघडत नाही, उलट त्याला विचार करता येतो, ही गोष्ट तेव्हापासून रूढ झाली. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून चालवलेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासांनी हेही दाखवले, की हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही. आणि योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले, तरी सबंध स्तन काढल्याइतकेच आयुष्य मिळते. २००२ साली वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हाही निष्कर्ष तोच राहिला. निवड करण्याजोगे काही असेल, तर निवड करणारीला आधी माहिती हवी, हे ओघानेच आले.

आता प्रश्न असा, की शस्त्र न लावता गाठीच्या आतले कसे कळावे? याचे उत्तर एका साध्या सुईने दिले. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी सुई व पिचकारी यांनी गाठीतल्या पेशी ओढून काढून तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या शस्त्रवैद्यांचा तिच्यावर विश्वास बसायला फार उशीर लागला. स्वीडनमध्ये मात्र, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत, त्याहूनही बारीक सुई घेऊन ही विद्या साठीच्या दशकात पक्की करण्यात आली, आणि तेथून ती जगभर पसरली. आपल्याकडच्या रुग्णालयांत 'एफएनएसी' म्हणतात ती हीच.

दुसरे उत्तर छायाचित्राने दिले. बर्लिनचे शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ साली कापून काढलेल्या सुमारे ३००० स्तनांची क्ष-किरण चित्रे घेतली आणि कर्करोगाची चिन्हे नोंदवली. चुन्याचे अगदी बारीक ठिपके हे त्यांतलेच एक चिन्ह. पुढे हिटलरशाहीत यहुदी म्हणून त्यांना देश सोडावा लागला; त्यांची चित्रकार मुलगी शार्लोट १९४३ साली आउश्वित्झच्या छळछावणीत मारली गेली. त्यांचे काम तेव्हा मागे पडले. उरुग्वेचे राउल लेबोर्न यांनी स्तन दाबून धरून चित्र स्पष्ट काढण्याची रीत बसवली, आणि ह्यूस्टनचे रॉबर्ट इगन यांनी १९६० साली असे तंत्र प्रसिद्ध केले, की जे कोणत्याही रुग्णालयाला शिकता यावे. हीच मॅमोग्राफी. १९६३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० स्त्रियांवर तिची पहिली मोठी तुलनात्मक चाचणी सुरू झाली. हाताला न लागणारी गाठही आता दिसू लागली. याच काळात, १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, मिनिॲपोलिसमध्ये जॉन वाइल्ड यांनी अभियंता जॉन रीड यांच्या साहाय्याने न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी स्तनावर सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून गाठ ओळखण्याचे प्रयोग केले. त्यासाठी त्यांनी वैमानिकांना रडार शिकवण्याचे यंत्र वापरले होते. आजची सोनोग्राफी ती हीच. गाठ पाण्याची की भरीव, हे ती एका बैठकीत सांगते.

तर वाचकहो, हात, छायाचित्र आणि सुई असे तीन साक्षीदार माणसाने जमवले. आज गाठीची जी पारख होते तिला तिहेरी तपासणी म्हणतात, आणि ती अशी चालते.

पहिली साक्ष हाताची. डॉक्टर विचारतात, गाठ केव्हा लागली, पाळीच्या आगेमागे ती लहानमोठी होते काय, मूल अंगावर पिते काय, आई, मावशी, आत्या, बहीण यांत कोणाला हा रोग झाला होता काय. मग बसवून आणि निजवून दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडाच्या वरची जागा तपासतात. गाठ दगडासारखी कठीण, वेडीवाकडी, खाली किंवा कातडीला चिकटलेली आहे काय, कातडीला खळी पडली आहे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे काय, बोंड नव्याने आत ओढले गेले आहे काय, त्यातून रक्त येते काय, हे पाहतात.

दुसरी साक्ष छायेची. तरुण वयात स्तन दाट असतो. क्ष-किरण चित्रात दाट भागही पांढरा आणि गाठही पांढरी. म्हणून तरुणीची बहुधा आधी सोनोग्राफी करतात. वय वाढलेले असेल तर मॅमोग्राफी करतात आणि जरूर पडल्यास जोडीला सोनोग्राफी. येथे एक सूचना फार महत्त्वाची आहे. मॅमोग्राफीच्या अहवालात 'बाय-रॅड्स' या नावापुढे ० ते ६ पैकी एक आकडा असतो. अमेरिकेच्या रेडिओलॉजी महाविद्यालयाने १९९३ साली घालून दिलेली ही रीत आहे. तो आकडा रोगाची अवस्था सांगत नाही! चार आकडा पाहून 'चौथी स्टेज' म्हणून रडारड करू नये. १ व २ म्हणजे काळजी नाही. ३ म्हणजे बहुतेक निरुपद्रवी, पण काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ व ५ म्हणजे संशय आहे, तुकडा तपासा. ६ म्हणजे तुकडा तपासून रोग आधीच सिद्ध झालेला आहे. आणि शून्य म्हणजे माहिती अपुरी, आणखी चित्रे हवीत.

तिसरी साक्ष सुईची. बारीक सुईने पेशी ओढता येतात. पण आज संशयित गाठीसाठी बहुधा जाड सुईची बायॉप्सी पसंत करतात. जागा बधिर करून शेवईच्या तुकड्यासारखी बारीक पट्टी काढतात. त्यातून रोग आहे की नाही हे तर कळतेच, शिवाय असल्यास तो संप्रेरकांच्या उपचाराला दाद देईल काय, हेही कळते. 'सुई टोचली की रोग पसरतो' हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येते. त्यात तथ्य नाही. इतक्या दशकांच्या अनुभवात सुईच्या तपासणीमुळे रुग्णाचे आयुष्य घटल्याचे दिसलेले नाही. या भीतीपायी दवडलेल्या महिन्यांनी मात्र पुष्कळींचे घटले आहे.

तिन्ही साक्षी जुळल्या, तर निर्णय पक्का. एकीची जरी साक्ष फिरली, तर प्रकरण बंद करावयाचे नाही. हाताला संशयास्पद गाठ लागते आहे आणि मॅमोग्राफी 'काही नाही' म्हणते, तर मॅमोग्राफीवर विसंबून घरी बसू नये. काही कर्करोग चित्रात उमटत नाहीत. बहुसंख्य गाठी या परीक्षेतून निरुपद्रवी ठरतात आणि पुष्कळींना शस्त्रक्रियाही लागत नाही.

शेवटी एक प्रश्न उरतो. हे साक्षीदार शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बसलेले. त्यांच्यापर्यंत बाईने पोचावे कसे? चीनमधल्या शांघाय शहरात १९८९ पासून २,६६,०६४ गिरणीकामगार स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्याजणींना स्वतःचा स्तन तपासण्याचे शिक्षण काटेकोरपणे दिले. २००२ साली निकाल आला: दोन्ही गटांतले मृत्यू जवळजवळ सारखेच, १३५ आणि १३१, निरुपद्रवी गाठींच्या बायॉप्सी मात्र शिकवलेल्या गटात वाढल्या. तेव्हा दरमहा ठरावीक दिवशी धास्तीने चाचपत बसण्यात अर्थ नाही; आपले अंग आपल्या ओळखीचे असावे आणि काही नवे जाणवले तर ते लपवू नये, एवढेच पुरे.

मुंबईने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली उघडले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या; त्यांच्या आठवणीतून या रुग्णालयाची कल्पना निघाली. या रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांवर चाचणी केली. यंत्र कोणतेच नाही. शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना काही आठवडे शिकवून तयार केले, आणि त्यांनी निम्म्या वस्त्यांतल्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी हातांनी तपासले. संशय आला तर पुढे पाठवले. २०२१ साली वीस वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या वस्त्यांत रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला होता. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर मृत्यूंतली घट निःसंशय म्हणण्याइतकी भरली नाही; पण पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. ज्या हातापासून ही हकीकत सुरू झाली, तोच हात, नीट शिकवलेला आणि पुढच्या दोन साक्षींना जोडलेला, आजही उपयोगी पडतो.

तेव्हा घरात कोणाला गाठ लागलीच, तर काय करावे? पाळीच्या आधीची गाठ पाळीनंतर विरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. पाळी गेल्यानंतर नवी गाठ लागली, तर वाट न पाहता दाखवावी. अंगावर पाजणाऱ्या आईची गाठ दूध साचल्याची म्हणून सोडून देऊ नये. ती उपचाराने विरली नाही तर तिचीही पारख व्हावी. पुरुषालाही हा रोग होतो, क्वचित का होईना. त्यानेही लाजू नये. आणि घरच्या कर्त्या माणसाने एवढे करावे: गाडीभाड्याचे पैसे काढून, एक दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर जावे. लेप, पाला, अंगारा यांत महिने घालवून मग जाण्यापेक्षा आधी जावे.

रोझ कुशनरने मागितले होते ते एवढेच, की आधी काय आहे ते सांगा. फॅनी बर्नीला त्याचे उत्तर कोणीच देऊ शकले नाही; आज ते बहुधा काही दिवसांत मिळते. ते मागण्याचा हक्क आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला आहे, आणि तिला तो आपण बजावू दिला पाहिजे.